सासानी नाण्यावरची अग्निवेदी

धर्मपीठ आणि राजपीठ यांच्या संबंधांची चर्चा आपल्याकडे निघाली की उदाहरणे बहुधा युरोपातून येतात. रोमचा पोप आणि जर्मन सम्राट, इंग्लंडचा आठवा हेन्री, फार तर बगदादचे खलिफा. ज्या साम्राज्यात हा प्रयोग चार शतकांहून अधिक काळ चालला, ज्याची सरहद्द सिंधपर्यंत येऊन भिडली होती आणि ज्याच्या धर्माचे अनुयायी मुंबई-नवसारीत आपले शेजारी आहेत, त्या सासानी इराणचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. झाला तरी 'तेथे मोबेदांचे राज्य होते' एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण होते. हे वाक्य, माझ्या मते, चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे हे पाहण्यासाठी धर्मग्रंथांपेक्षा नाणी, देणग्यांचे शिलालेख आणि शेतसाऱ्याचे दर अधिक उपयोगी पडतात.

पहिला पुरावा नाण्याचा. सासानी साम्राज्याचे चांदीचे द्रम्म सुमारे चार ग्रॅम वजनाचे, पातळ आणि पसरट असत. पुढच्या बाजूस मुकुटधारी राजाचे मस्तक आणि मागच्या बाजूस पेटलेली अग्निवेदी. इ. स. २२४ मध्ये पार्थियन सम्राट अर्तबानचा पराभव करून या वंशाची स्थापना करणारा अर्देशीर आपल्या नाण्यावर स्वतःला मझ्दाचा उपासक आणि देवांच्या बीजापासून उत्पन्न झालेला म्हणवतो. इथवर नवल काहीच नाही. प्राचीन काळचे बहुतेक राजे असेच बोलत. नवल आहे ते मागच्या बाजूच्या अक्षरांत. तेथे 'अर्देशीरचा अग्नी' असे लिहिले आहे. वेदीवर जळणारा अग्नी अहुरमझ्दाचा नव्हे, जरथुश्त्राचा नव्हे, तर राजाचा आहे. राज्यावर येताना प्रत्येक राजा आपला स्वतंत्र अग्नी प्रज्वलित करी आणि राजवर्षांची गणना त्या अग्नीपासून होई. बिशापूर येथील एका स्तंभलेखात अर्देशीरच्या अग्नीचे चाळिसावे आणि शापूरच्या अग्नीचे चोविसावे वर्ष अशी तारीखच दिलेली आहे. धर्माचे चिन्ह राजाने नाण्यावर घेतले एवढेच नव्हे, तर त्या चिन्हावर स्वतःचे नाव घातले, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे.

अर्देशीरच्या आधीच्या पर्शियन साम्राज्यांत ही परिस्थिती नव्हती. सात-साडेसात शतकांपूर्वी बेहिस्तूनच्या कड्यावर दरायसने आपला विजय अहुरमझ्दाच्या कृपेचे फळ म्हणून कोरविला हे खरे. पण त्या लेखात किंवा त्याच्या वंशजांच्या कोणत्याही लेखात जरथुश्त्राचे नाव नाही. पर्सिपोलिस येथे १९३३ मध्ये सापडलेल्या हजारो मृत्तिकापट्टांवर सरकारी कोठारातील धान्यवाटपाच्या नोंदी आहेत. इ. स. पू. ५०९ ते ४९३ या काळातील या नोंदींत अहुरमझ्दासाठी जसे धान्य आणि मद्य दिले जाते, तसेच ते हुंबान या एलामी देवासाठीही दिले जाते. कोठारप्रमुखाने त्यात काही वावगे मानलेले दिसत नाही. सायरसने तर बाबिलोनमध्ये प्रवेश केल्यावर तेथल्या मर्दुक देवाच्या नावाने आपले राज्य जाहीर केले. हे राजे धर्मनिष्ठ असतील, पण राज्याला एकच धर्म हवा अशी त्यांची धारणा नव्हती.

मग अर्देशीरला ती निकड का भासली? उत्तर त्याच्या दुर्बल वारसाहक्कात सापडते. पार्थियन घराण्याने जवळजवळ पावणेपाचशे वर्षे राज्य केले होते. अर्देशीर हा पार्स प्रांतातील एका मांडलिकाचा मुलगा. आपल्या सार्वभौम धन्याविरुद्ध त्याने शस्त्र उचलले होते. सरळ भाषेत तो बंडखोर होता. बंडखोराला कायदेशीर राजा बनवायचे तर मानवी वारशाहून श्रेष्ठ असा दाखला लागतो. परंपरेप्रमाणे त्याचा पूर्वज सासान हा इस्तखर येथील अनाहिता देवीच्या अग्निमंदिराचा रक्षक होता, आणि तो दाखला तेथेच हाताशी होता. नक्ष-ए-रुस्तमच्या खडकावरील शिल्पात अर्देशीर आणि अहुरमझ्द घोड्यांवर समोरासमोर बसले आहेत. देव राजाला अधिकाराचे कडे देत आहे. राजाच्या घोड्याखाली अर्तबान पडला आहे आणि देवाच्या घोड्याखाली दुष्टशक्ती अह्रिमन. दोन्ही घोडे एकाच मापाचे आहेत. राजकीय शत्रू आणि धर्माचा शत्रू यांना एकाच ओळीत बसविण्याची ही किमया शिल्पकाराने केली असेल, पण कल्पना राजाची होती यात शंका नको.

याच अर्देशीरने प्रांतोप्रांतीच्या लहान राजांचे अग्नी विझविले. तबरिस्तानच्या राजाला मोबेद तन्सरने पाठविलेले म्हणून जे पत्र उत्तरकालीन फार्सी रूपात उपलब्ध आहे, त्यात या कृत्याबद्दलची तक्रार आणि तिचे समर्थन दोन्ही आहेत. मांडलिकांनी आपापले अग्नी पेटविणे हा नवाचार होता, मूळ अधिकार एकाच सम्राटाचा, असे तन्सरचे म्हणणे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे टांकसाळीची आठवण झाल्याशिवाय राहात नाही. नाणे पाडण्याचा हक्क जसा एकट्या राजाचा, तसाच अग्नी पेटविण्याचाही. ज्याला आपण धर्माची स्थापना म्हणतो ती येथे सार्वभौमत्वाच्या मक्तेदारीची स्थापना होती.

कर्तीरचा उदय

अर्देशीरचा मुलगा पहिला शापूर हा विलक्षण राजा. इ. स. २६० मध्ये त्याने रोमचा सम्राट व्हॅलेरियन याला जिवंत पकडले. नक्ष-ए-रुस्तम येथील चौकोनी इमारतीच्या भिंतींवर तीन भाषांत कोरलेला त्याचा दीर्घ लेख १९३० नंतरच्या दशकात उत्खननातून पूर्णपणे उजेडात आला. युद्धांची वर्णने संपल्यावर हा लेख एखाद्या देवस्थानाच्या जमाखर्चासारखा वाटू लागतो. राजाने आपल्या, राणीच्या आणि राजपुत्रांच्या नावांनी अग्नी स्थापन केले. आणि कुटुंबातील तसेच दरबारातील एकेका व्यक्तीच्या आत्म्यासाठी रोज एक कोकरू, ठराविक मापाची भाकर आणि ठराविक मापाचे मद्य नेमून दिले. मापे अचूक आहेत. मद्य चार 'पास', कमीजास्त नाही. साम्राज्यातील अतिरिक्त उत्पन्नाचा काही भाग कायमचा धर्मकार्याकडे वळविण्याची ही सुरुवात होय.

तरीही शापूर कट्टर नव्हता. बाबिलोनियात जन्मलेल्या मानी या नव्या धर्मसंस्थापकाला त्याने आश्रय दिला, आणि मानीने आपला एक ग्रंथ शापूरच्या नावाने लिहिला. जरथुश्त्र, बुद्ध आणि येशू या तिघांनाही प्रेषित मानणारा मानीचा धर्म अनेक भाषा आणि अनेक पंथ असलेल्या साम्राज्याला उपयोगी पडेल, असा हिशेब राजाच्या मनात असणे अशक्य नाही. त्याच शापूरच्या लेखात दरबारी मंडळींच्या लांबलचक यादीत 'कर्तीर, हेरबद' असे एक साधे नाव येते. हेरबद म्हणजे धर्मशिक्षक. त्या यादीत त्याला विशेष मान नाही.

पुढील वीस-पंचवीस वर्षांत हाच कर्तीर कोठच्या कोठे गेला. शापूरच्या मुलाने त्याला सरदारांची टोपी आणि कमरपट्टा दिला, पहिल्या बहरामने तो मान राखला आणि दुसऱ्या बहरामने (इ. स. २९३ पर्यंत) त्याला सरदारवर्गात घेऊन साऱ्या साम्राज्याचा न्यायाधीश व इस्तखरच्या अनाहिता मंदिराचा अधिपती केले. राजकुलाबाहेरच्या या माणसाने राजांच्या शिल्पांशेजारी आपले चार शिलालेख कोरविले. त्याचे दाढीविरहित चित्रही तेथे आहे. लेखांत तो सांगतो की अग्निमंदिरे वाढली, पुरोहित सुखी झाले आणि त्यांच्या नावाने कितीतरी दस्तऐवज मोहोरबंद झाले. या दस्तऐवजांकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. कर्तीरची भक्ती निर्विवाद असेल, परंतु तिच्याबरोबर सनदा, मोहोर आणि उत्पन्न यांचा एक डोलारा उभा राहात होता.

याच लेखात तो ज्यांना दडपल्याचा अभिमान सांगतो त्यांची यादी आहे. यहुदी, ख्रिस्ती आणि मानीचे अनुयायी यांच्याबरोबर 'शमन' आणि 'ब्रमन' असे दोन शब्द त्यात आहेत. हे आपलेच श्रमण आणि ब्राह्मण. साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांत बौद्ध आणि वैदिक परंपरेचे लोक राहात होते, याचा हा दगडावरचा पुरावा. पण तो त्यांच्या छळाच्या निमित्ताने मिळावा ही खंतीची गोष्ट आहे. मानी स्वतः पहिल्या बहरामच्या कैदेत, गुंदेशापूर येथे, मरण पावला.

येथपर्यंत वाचून 'मोबेदांचे राज्य' हे वर्णन बरोबरच आहे असे कोणी म्हणेल. पण कर्तीरचा प्रत्येक अधिकार कोणाकडून आला होता? प्रत्येक वेळी राजाकडून. टोपी राजाने दिली, पट्टा राजाने दिला, मंदिर राजाने सोपविले. स्वतःच्या बळावर राजाला पदच्युत करू शकेल असे स्वतंत्र धर्मपीठ तेथे नव्हते. कर्तीरनंतर त्याच्या तोडीचा पुरोहित शतकभर दिसत नाही, हेही तितकेच बोलके आहे.

करदाता कोण?

सासानी साम्राज्याची सर्वांत मोठी आर्थिक विसंगती अशी की राजवंशाचे मूळ पार्समध्ये आणि उत्पन्नाचा मुख्य झरा मात्र इराकात, टायग्रिस-युफ्रेटिसच्या कालव्यांवर होता. राजधानी तेसिफोनही तेथेच. या सुपीक प्रदेशातील बहुसंख्य प्रजा अरामी भाषा बोलणारी, आणि ती यहुदी, ख्रिस्ती किंवा मानीपंथी होती. यहुदी पंडितांचा बाबिलोनी तालमूद याच राज्यात घडला. म्हणजे राजाचा धर्म एक आणि राजाचा खजिना भरणाऱ्यांचे धर्म दुसरे. चारशे वर्षांच्या इतिहासातील कठोरपणा आणि सहिष्णुता यांचे हेलकावे समजून घ्यायचे तर ही गोष्ट विसरून चालणार नाही.

चौथ्या शतकात रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती झाला आणि इराणच्या ख्रिस्ती प्रजेकडे पाहण्याची दरबाराची दृष्टी एकदम बदलली. तोवर ते केवळ परधर्मी होते, आता शत्रूचे सहधर्मी ठरले. दुसऱ्या शापूरच्या काळात (३०९ ते ३७९) झालेल्या छळाचा प्रारंभ कसा झाला? ख्रिस्ती हुतात्म्यांच्या चरित्रांनुसार, युद्धाच्या खर्चासाठी ख्रिस्ती लोकांवर दुप्पट कर बसवून तो वसूल करण्याची जबाबदारी राजाने बिशप शिमोनवर टाकली. आपली माणसे गरीब आहेत आणि आपण करवसुली करणारे नाही, असे सांगून शिमोनने नकार दिला. इ. स. ३४० च्या सुमाराची ही घटना. छळ पुढे जवळजवळ चाळीस वर्षे चालला. त्याची भाषा धार्मिक होती, निमित्त करवसुलीचे होते आणि कारण युद्धाचे.

उलट पहिला यज्दगर्द (३९९ ते ४२०) पाहा. रोमशी सलोखा होता, सरदारांशी मात्र वैर होते. त्याने ४१० मध्ये राजधानीत ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांची परिषद भरू दिली आणि त्यांच्या संघटनेला मान्यता दिली. नाण्यावर तो स्वतःला राज्यात शांतता राखणारा म्हणवतो. ख्रिस्ती लेखकांनी त्याची स्तुती केली; जरथुश्त्री परंपरेत मात्र त्याला 'पापी' हे विशेषण कायमचे चिकटले. त्याचा नातू दुसरा यज्दगर्द याने आर्मेनियावर जरथुश्त्री धर्म लादण्याचा हट्ट धरला, तेव्हा ४५१ मध्ये अवरायरच्या रणांगणावर आर्मेनियन सरदार वर्दान मामिकोनियन मारला गेला, युद्ध इराणने जिंकले, आणि तरीही ४८४ मध्ये आर्मेनियाचे धर्मस्वातंत्र्य मान्य करण्याची पाळी साम्राज्यावर आली. तेहतीस वर्षांच्या या उठाठेवीतून खजिन्यात काय पडले, हा प्रश्न तेसिफोनमधील एखाद्या हिशेबनिसाला पडला असेलच.

या काळातील सर्वांत शक्तिमान माणूस मोबेद नव्हता. तो होता महामंत्री मिह्रनर्से. इतिहासकार तबरीने त्याच्या तीन मुलांची पदे नोंदविली आहेत. एक धर्मशिक्षकांचा प्रमुख, दुसरा शेतकऱ्यांचा म्हणजे पर्यायाने शेतसाऱ्याचा प्रमुख, आणि तिसरा सेनापती. धर्म, महसूल आणि लष्कर ही तिन्ही खाती एकाच घरात. याच मिह्रनर्सेने आपल्या गावी अग्निमंदिरे बांधली आणि खजूर, ऑलिव्ह व सुरू यांची बारा-बारा हजार झाडे असलेल्या बागा त्यांना लावून दिल्या. धर्मादाय दिलेल्या मालमत्तेचे व्यवस्थापन बहुधा दात्याच्या कुटुंबाकडेच राही, हे लक्षात घेतले तर या औदार्याची दुसरी बाजूही दिसते. राजाची मर्जी फिरली की सरदाराची जहागीर जप्त होई. देवाच्या नावे केलेली बाग तितक्या सहजी जप्त होत नसे.

हा व्यवहार आपल्याला कळतो तो मुख्यतः 'हजार न्यायनिर्णय' या पहलवी ग्रंथामुळे. सासानी कायद्याच्या या ग्रंथाची एकच हस्तलिखित प्रत वाचली, आणि तिचे वाचन व प्रकाशन घडले ते आपल्याकडे. जीवनजी जमशेदजी मोदी यांनी तिच्या एका भागाची छायाप्रत १९०१ मध्ये पुण्यात छापवून घेतली, तहमुरस अंकलेसरियांनी संपादित केलेला दुसरा भाग पुढील दशकात मुंबईस निघाला आणि सोहराब बलसारा यांचे इंग्रजी भाषांतर १९३७ मध्ये मुंबईतच प्रसिद्ध झाले. तेसिफोनच्या न्यायालयांतील वादांचा उलगडा गिरगाव-फोर्टच्या छापखान्यांतून व्हावा, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांतील इतिहासाच्या अभ्यासक्रमात कोठेच येत नाही. या ग्रंथात अग्निमंदिराच्या मालमत्तेचे विश्वस्त, मूळ धन कायम ठेवून उत्पन्नातून विधी चालविण्याचे नियम, मंदिराचे दास, धर्मादाय कार्यांची नोंद ठेवणारे सरकारी खाते, असे सर्व काही आहे. आणि त्यात खुद्द मिह्रनर्सेची नोंद आहे. हा महामंत्री अग्निमंदिराला दास म्हणून देण्यात आला आणि नंतर राजाने त्याला तेथून काढून आपल्या मालमत्तेत जमा केले. मंदिराच्या दासावरही शेवटचा हात राजाचाच.

मझ्दक, नौशेरवान आणि शेतसारा

पाचव्या शतकाच्या अखेरीस ही इमारत हादरली. पेरोझ राजा हूणांशी लढताना ४८४ मध्ये मारला गेला. त्याआधी दुष्काळाची वर्षे गेली होती आणि हूणांना द्यावयाच्या खंडणीपायी चांदी पूर्वेकडे वाहून गेली होती. (त्या चांदीच्या नाण्यांची नक्कल पुढे गुजरात, राजस्थान आणि माळव्यात शतकानुशतके होत राहिली. आपल्या संग्रहालयांतील 'गधैया' नाण्यांच्या मागच्या बाजूला जे ठिपके आणि रेघा दिसतात ती मूळची अग्निवेदीच आहे.) अशा वेळी मझ्दक नावाचा एक माणूस, जो परंपरेनुसार स्वतःच पुरोहित होता, असे सांगू लागला की देवाने अन्नधान्य सर्वांना सारखे वाटून घेण्यासाठी दिले आहे, आणि विषमता हेच अधर्माचे मूळ आहे. त्याच्याविषयी लिहिणारे सारे त्याचे शत्रू असल्यामुळे स्त्रियांच्या सामाईकपणाबद्दलच्या त्यांच्या वर्णनांवर कितपत विसंबावे हा प्रश्नच आहे. पण उपाशी लोकांनी श्रीमंतांची कोठारे फोडली आणि कवाध राजाने या चळवळीला काही काळ पाठिंबा दिला, यात फारसा संशय नाही.

राजा समतावादी झाला होता असे मानण्याची गरज नाही. सरदार आणि पुरोहित यांची मिरास मोडायला एक हत्यार हवे होते आणि ते धर्माच्याच भाषेत मिळत होते. सरदार-पुरोहितांनी ४९६ मध्ये कवाधला पदच्युत केले. दोन-तीन वर्षांत तो हूणांचे सैन्य घेऊन परतला. काम संपल्यावर, त्याच्या राजवटीच्या अखेरीस, मझ्दकाची आणि त्याच्या अनुयायांची कत्तल झाली. त्यात पुढाकार होता राजपुत्र खुश्रूचा, ज्याला आपण न्यायी नौशेरवान म्हणून ओळखतो.

नौशेरवानने (५३१ ते ५७९) जुने जसेच्या तसे परत आणले नाही. पूर्वी शेतसारा म्हणजे पिकाचा हिस्सा असे, कोठे तिसरा, कोठे चौथा, कोठे सहावा; आणि सरकारी कारकुनाने पीक मोजेपर्यंत शेतकऱ्याला आपल्याच शेतातले फळ तोडता येत नसे. आईने मुलाला फळ तोडू दिले नाही हे पाहून कवाधला सुधारणेची कल्पना सुचली, अशी कथा आहे. नव्या पद्धतीत जमीन मोजून रोख सारा ठरविण्यात आला. गहू आणि जव यांना जरीबमागे एक दिर्हम, द्राक्षांना आठ, लसूणघासाला सात. चार फारसी खजुरांना मिळून एक दिर्हम, सहा ऑलिव्ह वृक्षांना एक. वीस ते पन्नास वर्षे वयाच्या माणसांवर ऐपतीप्रमाणे बारा, आठ, सहा किंवा चार दिर्हम डोईपट्टी. वसुली वर्षातून तीन हप्त्यांत. आणि डोईपट्टीतून माफी कोणाला? सरदार, सैनिक, पुरोहित, लेखनिक आणि राजसेवक यांना. जिल्ह्याच्या न्यायाधीशांनी वसुलीवर देखरेख ठेवावी असाही आदेश होता. सापडलेल्या मोहोरांवर 'गरिबांचा कैवारी आणि न्यायाधीश' असे जे पद दिसते, ते पुरोहितवर्गातील माणसेच भूषवीत.

ही योजना सभेत मांडली गेली तेव्हाची एक हकीगत तबरीने दिली आहे. कोणाला काही हरकत आहे का असे राजाने दोनदा विचारले, सभा गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर एक माणूस उठला आणि म्हणाला की द्राक्षवेल मरते, पीक वाळते, कालवा आटतो. मग या नाशवंत गोष्टींवर कायमचा कर कसा बसविता येईल? राजाने विचारले, तू कोणत्या वर्गातला? तो म्हणाला, लेखनिक. राजाने आज्ञा केली की याला दौतींनी मारा. त्याच्याच सोबतच्या लेखनिकांनी, राजापुढे आपली निष्ठा सिद्ध करण्यासाठी, दौतींचे घाव घालून त्याला ठार केले. मग सर्वांनी योजना मान्य असल्याचे सांगितले.

वास्तविक त्या अनामिक लेखनिकाचा आक्षेप शास्त्रशुद्ध होता. पीक येवो न येवो, सारा ठरलेला, या पद्धतीत अवर्षणाचा सगळा धोका शेतकऱ्याच्या माथी जातो. दख्खनच्या रयतवारीवर एकोणिसाव्या शतकात हाच आक्षेप घेतला गेला. नौशेरवानची व्यवस्था तीस-चाळीस वर्षे उत्तम चालली, सैन्याला रोख पगार मिळू लागला, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या राजाच्या न्यायीपणाच्या कथा आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत फार्सी शिकणाऱ्यांच्या तोंडी होत्या, त्याच्या न्यायसभेत हिशेब जाणणाऱ्याने खरे बोलल्यावर काय झाले हेही त्या कथांबरोबर सांगितले गेले असते तर बरे झाले असते.

त्याचा मुलगा चौथा होर्मझ्द (५७९ ते ५९०) याच्याकडे पुरोहित अर्ज घेऊन गेले की ख्रिस्ती लोकांवर कडक कारवाई करावी. त्याने उत्तर पाठविले की सिंहासन जसे केवळ पुढच्या दोन पायांवर उभे राहू शकत नाही, तसे आपले राज्य ख्रिस्ती आणि इतर धर्मीयांना दुखवून उभे राहू शकत नाही. तेव्हा चांगली कामे करा, म्हणजे तेच तुमच्या धर्माकडे वळतील. सासानी राज्यकारभाराचे वास्तव इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. त्याचा मुलगा दुसरा खुश्रू याची आवडती राणी शिरीन ख्रिस्ती होती आणि त्याच्या महसुलाची व्यवस्था पाहणारा यज्दिनही ख्रिस्तीच होता. धर्म आणि राज्य ही जुळी भावंडे आहेत हा अर्देशीरच्या तोंडी घातलेला विचार पुढे अरबी-फारसी राजनीतिग्रंथांत फार गाजला; पण साम्राज्याचा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला तर जुळ्यांपैकी एकाच्याच हाती किल्ल्या होत्या.

आणि म्हणूनच किल्ल्या हरवल्या तेव्हा दुसऱ्याचेही हाल झाले. रोमशी झालेल्या पंचवीस वर्षांच्या युद्धात सम्राट हेराक्लियसने शीझ येथील आझर गुश्नस्प हे राजांचे प्रमुख अग्निमंदिर उद्ध्वस्त केले. ६२८ मध्ये खुश्रूचा खून झाला, चार वर्षांत अनेक राजे-राण्या आल्या आणि गेल्या, आणि ६५१ मध्ये तिसरा यज्दगर्द मर्वजवळ मारला गेला. ज्या पुरोहितांचे न्यायाधीशपद, करमाफी आणि मोहोर ही सर्व राजसत्तेची देणगी होती, त्यांच्यापाशी एकाएकी काहीच उरले नाही. ख्रिस्ती आणि यहुदी धर्मसंस्थांना राजाश्रयाविना जगण्याची चारशे वर्षांची सवय होती. नव्या अरब अंमलात त्या तितक्या डळमळल्या नाहीत. जरथुश्त्री धर्माला ती सवय नव्हती. धर्माच्या शिकवणुकीत काही उणे होते म्हणून तो मागे पडला, असे म्हणणारे या आर्थिक बाजूकडे पाहात नाहीत.

विजेत्यांना अग्निवेदीचे मुळीच वावडे नव्हते, ही मौजेची गोष्ट. अरब सुभेदारांनी सुमारे अर्धशतक तेच द्रम्म पाडले. राजाचे मस्तक तसेच, वेदी तशीच, फक्त कडेला अल्लाच्या नावाचे दोन-तीन अरबी शब्द. बाजारात ज्या नाण्यावर विश्वास होता ते बदलण्याची घाई कोण करणार? खलिफा अब्दुल मलिकने ६९० नंतरच्या दशकात नवी नाणी काढली तेव्हा कोठे ती वेदी गेली. पार्समध्ये मात्र अग्निमंदिरे दहाव्या शतकातही गावोगाव होती असे मुसलमान भूगोलकार लिहितात, आणि आज आपल्याला उपलब्ध असलेले बरेचसे पहलवी धर्मग्रंथ, 'दीनकर्द' धरून, नवव्या-दहाव्या शतकात, म्हणजे राज्य गेल्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी सिद्ध झाले. राजाश्रय असताना पुरोहितांनी दस्तऐवज मोहोरबंद केले. तो गेल्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले.

गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या पारशांनी आपल्या पहिल्या पवित्र अग्नीला 'इराणशाह' हे नाव दिले. १७४२ पासून तो उदवाड्यास आहे. आतशबेहरामची प्रतिष्ठापना झाली की तो अग्नी तख्तनशीन झाला असे आजही म्हणतात आणि यज्दगर्दी सन अजूनही शेवटच्या राजाच्या राज्यारोहणापासून मोजला जातो. फरक एवढाच की या राजाला शेतसारा नाही. भाविक आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे भरून चंदनाची 'माची' नोंदवितात, आणि त्या चंदनावर तो अग्नी जळतो.